यंत्र कोणाच्या हातात? (प्रस्तावना)

गिरगावात सँडहर्स्ट रोडवर कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ नावाचे थिएटर होते. १८ मे १९१२ रोजी तिथे ‘पुंडलिक’ लागला. पुढच्या वर्षी ३ मे रोजी, म्हणजे वर्ष पुरे व्हायला पंधरा दिवस असताना, त्याच पडद्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पहिला रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा, दुसरा धुंडिराज गोविंद फाळके यांचा. दोघेही मराठी, दोघांनाही लोक दादासाहेब म्हणत. भारतातला पहिला चित्रपट यांपैकी कोणाचा, हा वाद अनेक वर्षे चालू आहे आणि दर ३ मे जवळ आला की वर्तमानपत्रांतून तो पुन्हा डोके काढतो.

तोरण्यांच्या बाजूचे लोक तारीख पुढे करतात. तारखेला उत्तर नाही. फाळक्यांच्या बाजूचे तीन हरकती घेतात. ‘पुंडलिक’ हे रामराव कीर्तिकरांचे नाटक होते आणि मंगळदास वाडीत एका जागी कॅमेरा रोवून ते उतरवून घेतले, ही पहिली. कॅमेरा चालवणारा जॉन्सन हा इंग्रज होता, ही दुसरी. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली होती, ही तिसरी. सरकारने, अभ्यासकांनी आणि चित्रपट व्यवसायाने या हरकती मान्य केल्या. १९६९ पासून दिला जाणारा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार फाळक्यांच्या नावाचा आहे, गोरेगावची चित्रनगरी त्यांच्या नावाची आहे, आणि चित्रपटसृष्टीची शताब्दी आपण २०१३ साली साजरी केली.

फाळक्यांना दिलेला मान मला योग्य वाटतो. पडद्यासाठी कथा रचणे, प्रसंग तुकड्यातुकड्यांनी घेणे, ते जोडणे, फिल्म स्वतः धुणे आणि ‘राजा हरिश्चंद्र’पासून १९३७ च्या ‘गंगावतरण’पर्यंत चोवीस वर्षे हे काम लावून धरणे, एवढा पसारा त्यांच्याआधी कोणीही उभा केला नव्हता. मात्र तोरण्यांना बाद करण्यासाठी जी दुसरी आणि तिसरी हरकत घेतली जाते, ती मला पटत नाही. इंग्रज माणूस आणि लंडनची धुलाई आली म्हणून चित्रपट आपला राहत नसेल, तर इंग्रज कंपनीच्या कॅमेऱ्याचे काय करायचे? फाळक्यांचा कॅमेरा विल्यमसन कंपनीचा होता, तोही लंडनहून आणलेला. परकेपणाची कसोटी लावायचीच असेल तर ती शेवटपर्यंत लावली पाहिजे. तशी लावली की आपण गिरगावातून निघून एकीकडे कल्याणला आणि दुसरीकडे कोल्हापूरला पोहोचतो. तिथे भेटणाऱ्या माणसांची नावे पहिलेपणाच्या वादात सहसा कोणी घेत नाही. हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिले आहे.

ते नवी मुंबईत लिहिले गेले याला एक कारण आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत ज्यांनी लेथवर आणि मिलिंग मशीनवर आयुष्य काढले, ती माणसे माझ्या शेजारपाजारची. बाहेरून आलेले यंत्र उघडायचे, त्याचा मोडका भाग मोजायचा, तसाच इथे घडवायचा आणि यंत्र पुन्हा चालू करायचे, हे त्यांचे रोजचे काम. त्यांच्याशी बोलताना मला वारंवार जाणवले की आपला चित्रपट-इतिहास नटांनी आणि दिग्दर्शकांनी भरला आहे आणि यंत्र घडवणारा त्यात तळटिपेत राहिला आहे. वाशीतले नाट्यगृह विष्णुदास भाव्यांच्या नावाचे आहे. त्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवले हे आपण मुलांना सांगतो. पारसिकच्या डोंगरापलीकडे कल्याणात पटवर्धनांनी रामायण-महाभारतातल्या गोष्टी पन्नासेक वर्षांनी काचेवर रंगवून, प्रकाशाने पडद्यावर हलवून दाखवल्या, हे मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

त्याकडे येण्याआधी थोडे बाहेरच्या जगाकडे पाहणे भाग आहे, कारण आपल्याकडे जे घडले त्याची किल्ली तिथल्या भांडणांत आहे.

हलते चित्र दाखवायचे तर एक अवघड गोष्ट साधावी लागते. फीत सतत ओढत नेली तर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसतो. प्रत्येक चित्र भिंगामागे क्षणभर स्थिर थांबले पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे आणि मग फीत बरोबर एक चित्र पुढे सरकली पाहिजे. हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, तेही फीत न फाटता. १८८८ ते १८९६ या काळात अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीतली डझनावारी माणसे या एका थांब्यामागे लागली होती. लुई ल प्रॅन्सने १८८८ मध्ये लीड्स येथे कागदी फितीवर हलती चित्रे घेतली. सप्टेंबर १८९० मध्ये दीजाँ येथे पॅरिसच्या गाडीत बसलेला हा माणूस पुन्हा कोणालाही दिसला नाही. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने कायनेटोग्राफ हा कॅमेरा आणि कायनेटोस्कोप ही डोकावून पाहायची पेटी तयार केली, आणि १८९५ साली तो एडिसनला सोडून प्रतिस्पर्ध्यांना जाऊन मिळाला. जेन्किन्स आणि आर्मट यांनी मिळून प्रक्षेपणाचे यंत्र बनवले आणि ते कोणाचे यावरून दोघे फुटले. आर्मटचे यंत्र एप्रिल १८९६ मध्ये न्यूयॉर्कला ‘एडिसनचा व्हायटास्कोप’ म्हणून लोकांपुढे आले. बर्लिनच्या स्क्लाडानोव्स्की बंधूंनी १ नोव्हेंबर १८९५ रोजी पैसे घेऊन खेळ केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २८ डिसेंबरला, पॅरिसच्या ग्राँ कॅफेत ल्युमिएर बंधूंनी केला, आणि जगाने तारीख लक्षात ठेवली ती ही दुसरी.

ल्युमिएरांची जीत यंत्राच्या आटोपशीरपणात होती. त्यांची सिनेमॅटोग्राफ ही एकच लहान पेटी चित्र घेई, छापे आणि दाखवी. ती हाताने फिरवायची होती, त्यामुळे विजेवाचून कुठेही नेता येई. फीत सरकवणाऱ्या नख्यांची कल्पना लुई ल्युमिएरला शिलाई मशीनवरून सुचली. एडिसनचा कॅमेरा मात्र इतका अवजड होता की माणसांना त्याच्यासमोर आणावे लागे.

पुढे अमेरिकेत जे झाले ते मुख्यतः न्यायालयांत झाले. कॅमेऱ्यावरच्या हक्कासाठी एडिसनने दावे लावले. प्रतिस्पर्धी म्युटोस्कोप कंपनीविरुद्धच्या खटल्यात १८९८ मध्ये ल प्रॅन्सच्या मुलाची, अडॉल्फची, साक्ष झाली. आपल्या वडिलांचे काम आधीचे आहे हे जगापुढे यावे म्हणून तो उभा राहिला होता. १९०२ साली अपील न्यायालयाने एडिसनचा व्यापक दावा फेटाळला, पण तो निकाल ऐकायला अडॉल्फ उरला नव्हता. १९०१ मध्ये बंदुकीची गोळी लागून तो मेलेला सापडला. एवढे होऊनही एडिसन थांबला नाही. डिसेंबर १९०८ मध्ये त्याने प्रतिस्पर्ध्यांनाच बरोबर घेऊन मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी स्थापली. कॅमेरा वापरायचा तर परवाना, प्रोजेक्टर चालवायचा तर शुल्क. ही मक्तेदारी बेकायदा ठरायला १९१५ साल उजाडावे लागले.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळी घडली, आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. कायनेटोस्कोपचे पेटंट एडिसनने इंग्लंडमध्ये घेतलेच नव्हते. लंडनच्या रॉबर्ट पॉल या उपकरणे बनवणाऱ्या कारागिराने ते यंत्र पाहून तसेच बनवले. पुढे बर्ट एकर्सबरोबर त्याने कॅमेरा तयार केला, त्यावरून त्या दोघांचेही बिनसले, पण पॉलने आपली यंत्रे जो पैसे देईल त्याला विकायला सुरुवात केली. त्याच्या पाठोपाठ इंग्लंडात अनेक लहानमोठे कारखानदार या धंद्यात आले. परवाना नाही, अट नाही, किंमत मोजा आणि पेटी घेऊन जा. मुंबईतल्या एखाद्या छायाचित्रकाराला टपालाने कॅमेरा मागवता आला, तो या मोकळ्या बाजारामुळे. अमेरिकेत असते तर आपल्या आद्य चित्रपटकारांना कॅमेऱ्याबरोबर वकीलही लागला असता.

चित्रपट मुंबईत इतक्या लवकर पोहोचला तोही स्पर्धेमुळेच. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे बाजारात यायच्या आत जग गाठायचे, या घाईने ल्युमिएरांनी १८९६ मध्ये आपली माणसे देशोदेशी पिटाळली. ऑस्ट्रेलियाकडे निघालेला मारियस सेस्टिए वाटेत मुंबईला उतरला आणि ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात त्याने खेळ केला. पॅरिसच्या खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. सहा तुकडे, तिकीट एक रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे चार आण्यांचे तिकीटही निघाले. ल्युमिएरांनी तोवर यंत्र विकायला काढले नव्हते. ते दाखवून परत न्यायचे असे धोरण होते. मुंबईकरांनी तेव्हा चित्रे पाहिली, यंत्राला हात लावायला मिळाला नाही.

आता कल्याण. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांची मुले रामचंद्र व विनायक यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ नावाने खेळ केले. हे वर्ष लक्षात घ्यावे: ग्राँ कॅफेच्या तीन वर्षे आधी. त्यांचे साधन होते जादूचा दिवा, म्हणजे तेजस्वी दिवा, भिंग आणि मध्ये काचेची रंगीत पट्टी. हा दिवा युरोपात जुनाच होता. पटवर्धनांनी त्याला आपले केले ते दोन प्रकारे. काचपट्ट्यांवरची चित्रे त्यांनी स्वतः, हाताने, बारीक कुंचल्याने रंगवली. एकाच हालचालीचे टप्पे वेगवेगळ्या पट्ट्यांवर काढले आणि एकाहून अधिक दिव्यांतून ते झरझर आलटूनपालटून दाखवले, त्यामुळे पडद्यावरची पात्रे हलताना दिसत. बरोबर निवेदन असे, संवाद असत, गाणी असत. रामायण-महाभारतातल्या कथा असत, सर्कस असे. गावोगाव हिंडून १९१८ पर्यंत त्यांनी हे खेळ केले, म्हणजे सिनेमा येऊन बावीस वर्षे झाल्यावरही.

याला चित्रपट म्हणायचे का, असा प्रश्न मला विचारला जातो. तांत्रिक अर्थाने नाही. प्रकाशचित्रांची सलग फीत तिथे नव्हती. पण फ्रान्समध्ये एमिल रेनोने त्याच १८९२ साली हाताने रंगवलेल्या चित्रांच्या पट्ट्या पडद्यावर हलवून दाखवल्या, आणि त्याला चलच्चित्राच्या इतिहासात मानाचे पान आहे. त्याच न्यायाने कल्याणच्या पटवर्धनांनाही पान मिळाले पाहिजे. ते न मिळण्याचे कारण त्यांच्या कामात शोधून सापडत नाही. ते सापडते आपल्या सवयीत. पडद्यावरच्या हालचालीचा इतिहास आपण वॉटसन हॉटेलपासून मोजतो, म्हणजे परक्याने येऊन दाखवले तिथपासून.

सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतले छायाचित्रकार. १८९६ चे खेळ पाहून त्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून एकवीस गिनींना कॅमेरा मागवला. नोव्हेंबर १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. भारतीय माणसाने भारतात घेतलेल्या आरंभीच्या चित्रफितींत तिची गणना होते. ती फिल्म धुण्यासाठी इंग्लंडला गेली होती. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांचे मुंबईतले स्वागत त्यांनी टिपले. आपल्या माणसाच्या आनंदाची ती पहिली वार्ताचित्रफीत, आणि विषयाची निवड पाहता हा माणूस नुसता हौशी नव्हता हे कळते. १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी घेतला. पुढे ते कॅमेऱ्यापासून दूर झाले आणि गेइटी थिएटरच्या व्यवस्थापनात रमले. ते १९५८ पर्यंत हयात होते. बोलपट, रंगीत चित्रपट, सारे त्यांनी पाहिले.

त्याच सुमारास कलकत्त्यात हिरालाल सेन यांनी रॉयल बायस्कोप कंपनी काढली होती आणि रंगभूमीवरचे प्रसंग चित्रित केले होते. १९१७ साली आगीत त्यांच्या फिती जळाल्या. बंगालचा पहिलेपणाचा दावा त्यांच्या नावावर उभा आहे. तो खोडून काढण्यात मला रस नाही.

फाळक्यांवर मराठीत इतके लिहिले गेले आहे की मी इथे फक्त त्यांच्या एका खरेदीकडे लक्ष वेधतो. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. ‘बायस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना मदत केली, सेसिल हेपवर्थने आपला स्टुडिओ आतून दाखवला. होऊ घातलेल्या प्रतिस्पर्ध्याला कोणी असे दार उघडत नाही. इंग्लंडातल्या त्या मोकळ्या हवेचा हा आणखी एक पुरावा. परतताना त्यांनी विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फितीला भोके पाडण्याचे यंत्रही घेतले. त्या काळी कच्ची फिल्म कोरी येई. तिच्या दोन्ही कडांना एकसारख्या अंतरावर भोके पाडली नाहीत, तर कॅमेऱ्याच्या नख्या तिला धरू शकत नाहीत आणि चित्र थरथरते.

ही भोके पाडण्याचे काम दादरच्या घरात अंधाऱ्या खोलीत बसून सरस्वतीबाई फाळके करत. काम किती होते याचा हिशेब करता येतो. प्रमाण फितीच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात, प्रत्येक चित्राला एका कडेला चार भोके, म्हणजे दोन्ही कडा मिळून फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. नुसत्या त्या पूर्ण झालेल्या चित्रपटाच्या एका प्रतीत चार लाख सत्तर हजारांहून जास्त भोके भरतात. फुकट गेलेली फिल्म, निगेटिव्ह आणि जादा प्रती वेगळ्या. यंत्र हाताचे, खोलीत उजेड नाही, आणि एक भोक तिरके गेले तर तेवढी फीत वाया. दिवसा याच बाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. भारतीय चित्रपटाचा पहिला तंत्रज्ञ कोण, असे मला कोणी विचारले तर मी सरस्वतीबाईंचे नाव घेतो. माझ्या मते फाळक्यांच्या नावे जितके पुरस्कार दिले जातात, त्यांतला एक तरी सरस्वतीबाईंच्या नावाने आणि पडद्यामागच्या कारागिराला दिला गेला पाहिजे.

तोरण्यांकडेही या नजरेने पाहावे. ‘पुंडलिक’ काढणारा हा तरुण तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. मालवणकडून पोटासाठी मुंबईला आलेला, विजेच्या सामानाच्या कंपनीत नोकरी केलेला, नाटकाच्या नादाने श्रीपाद नाटक मंडळीत शिरलेला. पुढे त्यांनी चित्रपटाची यंत्रसामग्री आणून विकण्याचा धंदा काढला, आणि १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला तो त्यांच्या मूव्ही कॅमेरा कंपनीमार्फत आलेल्या ध्वनियंत्रावर. पुण्यात त्यांनी सरस्वती सिनेटोन उभी केली. एका तारखेच्या वादात अडकवून आपण या माणसाचे उरलेले काम झाकून टाकले. फाळके आणि तोरणे यांचे भांडण त्या दोघांनी फारसे केलेच नाही. ते नंतरच्या लोकांनी त्यांच्या नावाने चालवले आहे. फाळक्यांचे खरे तंटे झाले ते भांडवलदार भागीदारांशी. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतून ते वैतागून बाहेर पडले आणि काशीला जाऊन नाटक लिहीत बसले.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग कोल्हापूरने घेतला आहे, आणि तो जाणूनबुजून घेतला आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे सुतारकाम, लोहारकाम आणि चित्रकला घरातच शिकलेले. नाटक कंपन्यांचे पडदे ते रंगवत, म्हणून पेंटर हे नाव पडले. सिनेमाने दोघांना झपाटले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके पैसे नव्हते, तेव्हा आनंदरावांनी तो घडवायचे ठरवले.

हा निश्चय वेडगळ नव्हता, त्यामागे यंत्राचे नेमके ज्ञान होते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचे पोट सारखे असते. दोन्हीत फीत थांबते, झडप फिरते, फीत एक चित्र पुढे जाते. फरक प्रकाशाच्या दिशेचा. जुना प्रोजेक्टर सुटा करून ज्याने त्याचे दाते मोजले, त्याच्या हाती कॅमेऱ्याचे अर्धे रहस्य आले. उरलेले अर्धे मात्र कठीण. कॅमेऱ्याच्या पेटीत प्रकाशाचा कणही शिरता कामा नये, आणि फीत सरकण्यात केसाएवढी चूक झाली तर ती निगेटिव्हवर कायमची उमटते. प्रोजेक्टर चुकला तर एक खेळ बिघडतो, कॅमेरा चुकला तर चित्रपटच जातो. इतक्या बारकाईचे गिअर हाताशी असलेल्या साध्या अवजारांनी कापायचे होते.

आनंदराव १९१६ मध्ये वारले. कॅमेरा अपुरा राहिला. बाबूरावांनी तो सोडला नाही. त्यांच्या जोडीला विष्णुपंत गोविंद दामले आले, हातात विलक्षण यांत्रिक समज असलेला माणूस. या दोघांनी मिळून कॅमेरा पुरा केला. त्यावर चित्रे उमटली. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ झळकला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने उभी केली होती, त्याला सातच वर्षे झाली होती. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या त्या नेत्याला, स्वदेशी हातांनी बनलेल्या यंत्रावर घेतलेला चित्रपट काय वाटला असेल, हे समजायला वेगळा पुरावा नको.

कोल्हापुरातही फूट पडली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम वणकुद्रे आणि धायबर यांनी बाबूरावांची कंपनी सोडली आणि सीताराम कुलकर्णींचे भांडवल घेऊन प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूला दुखावून शिष्य गेले हे खरे. तरीही कॅमेरा घडवताना जी नजर तयार झाली ती दामल्यांबरोबर प्रभातमध्ये गेली, आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ पाहताना तुकोबांच्या वैकुंठगमनाचा प्रसंग जो विश्वास बसण्याजोगा वाटतो, त्यात त्या लेथवरच्या दिवसांचा वाटा आहे असे मी मानतो.

कोल्हापूरकरांनी खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला आहे. बाकी महाराष्ट्रात यंत्राला असा मान कुठे दिलेला मी पाहिला नाही.

या माणसांचे काम पाहायचे म्हटले तर आज फार थोडे हाती लागते. सावेदादांच्या कुस्तीची फीत नाही. ‘पुंडलिक’ नाही. ‘सैरंध्री’ नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे आहेत, आणि ती १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. भारतात तेराशेहून अधिक मूकपट बनले. त्यांतले जेमतेम तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत, उरले आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बहुतेक फिती चांदीसाठी वितळवल्या गेल्या होत्या किंवा आपोआप कुजल्या होत्या. जुनी फिल्म नायट्रेटची असे, ती स्फोटकांच्या जातीची. २००३ मध्ये त्या संग्रहातल्याही अनेक नायट्रेट फिती आगीत गेल्या.

म्हणून वाचकांना एक विनंती. कल्याण, पनवेल, उरण, अलिबाग, नाशिक, कोल्हापूर, मालवण, कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर रंगीत काचपट्ट्यांची पेटी, पितळी भिंगाचा दिवा, हँडल असलेले जुने यंत्र, नाटक-सिनेमाची हस्तपत्रके किंवा कंपनीच्या जमाखर्चाची वही असेल, तर ती भंगारात देऊ नका. काचपट्ट्या पाण्याने पुसू नका, रंग जातो. यंत्राला तेल घालून ते फिरवून बघू नका. कोणी केले, कोणी वापरले, घरातली म्हातारी माणसे त्याबद्दल काय सांगतात, हे त्यांच्या हयातीत लिहून घ्या. आणि डब्यात चिकट झालेली, आंबूस वासाची फीत सापडली तर ती उलगडू नका, देवघराजवळ किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा आणि त्यांची माणसे येईपर्यंत डबा सावलीत, थंड जागी राहू द्या.